पावसातला खेळ आणि अंगातली ऊब

मृग नक्षत्र लागले की माहीम-केळव्याच्या पट्ट्यात दोन गोष्टी जवळजवळ एकाच दिवशी घडतात. पानवेलींच्या आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांतून पाणी खळाळू लागते, आणि अंगणवाडीचे दार आतून लोटून घेतले जाते. कालपर्यंत अंगणात चिंचोके आणि शिंपले मांडून बसलेली मुले आज चार भिंतींत येतात. "बाहेर जाऊ नका, भिजाल, सर्दी होईल," हे वाक्य मग सप्टेंबर संपेपर्यंत ऐकू येत राहते. मूल तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत आले आणि सहाव्या वर्षी बाहेर पडले असे धरले, तर त्या तीन वर्षांतले बारा महिने पावसाळ्याचे असतात. म्हणजे वाढीच्या ऐन वयातले एक संपूर्ण वर्ष आपण दाराआड काढायला लावतो. एवढी किंमत ज्या भीतीपोटी द्यायची, ती भीती कितपत खरी आहे हे एकदा नीट तपासून पाहायला हवे.

प्रश्नाचे दोन भाग करू. भिजल्याने सर्दी होते का, हा पहिला. भिजल्याने अंग गारठते, त्याचे काय, हा दुसरा. आपण हे दोन्ही प्रश्न एकात मिसळतो आणि म्हणून दोन्हींची उत्तरे चुकतात.

सर्दी विषाणूंमुळे होते. असे विषाणू एक-दोन नव्हेत, शेकड्यांनी आहेत, आणि ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे शिंकेच्या तुषारांतून, बोलताना उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून, शेंबडाने माखलेल्या हातांतून जातात. पावसाच्या थेंबातून ते येत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, इंग्लंडमध्ये सॅलिसबरी येथे केवळ सर्दीचा अभ्यास करण्यासाठी एक केंद्र उघडले गेले आणि ते चाळीसहून अधिक वर्षे चालले. तिथे ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेशीर प्रयोग केला. स्वयंसेवकांना गरम पाण्याने आंघोळ घालून, ओल्या कपड्यांनिशी, वारा लागेल अशा बोळात सुमारे अर्धा तास उभे केले. नंतर ओले मोजे घालून बसवले. काहींच्या नाकात विषाणू सोडले होते, काहींच्या नाही. नुसत्याच कुडकुडलेल्या मंडळींना सर्दी झाली नाही. विषाणू आणि गारठा दोन्ही मिळालेल्यांत फरक पडतो की काय, असे एका फेरीत वाटले होते. पण प्रयोग पुन्हा केल्यावर तो फरक टिकला नाही.

याहून बोलका दाखला उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटाचा आहे. तिथल्या खाणकामगारांच्या छोट्या वस्तीचा १९३०-३१ च्या हिवाळ्यात अभ्यास झाला. समुद्र गोठला की बोटी बंद, बाहेरून माणूस येणार नाही. त्या भयंकर थंडीच्या महिन्यांत वस्तीत सर्दी जवळजवळ नाहीशी झाली. आणि वसंतात पहिली बोट धक्क्याला लागताच ती घरोघर पसरली. ऊन वाढत होते तेव्हा सर्दी आली, कारण ती बोटीतून आली.

तरीही गारठ्याला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. २००५ साली ब्रिटनमधील कार्डिफ येथे १८० जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांनी वीस मिनिटे गार पाण्यात पाय बुडवून ठेवले, निम्म्यांनी रिकाम्या भांड्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या नव्वदांपैकी १३ जणांनी आणि दुसऱ्या नव्वदांपैकी पाच जणांनी सर्दी झाल्याचे सांगितले. मात्र त्यांच्या नाकात विषाणू होता की नाही हे तपासलेले नव्हते, ज्याने त्याने आपापले लक्षण सांगितले होते. २०१५ साली येल विद्यापीठात उंदरांच्या श्वसनमार्गातील पेशींवर काम करताना असे दिसले की सर्दीचा एक विषाणू ३७ अंशांपेक्षा ३३ अंश सेल्सिअसला अधिक जोमाने वाढतो, कारण त्या तापमानाला पेशींचा प्रतिकार मंद पडतो. तेव्हा शरीरात आधीच शिरलेल्या विषाणूला गारठा हात देत असेल, हे शक्य आहे. पण आत शिरलेलाच नसेल, तर तो नुसत्या गारठ्यातून उत्पन्न होत नाही.

मग पावसाळ्यात मुले एवढी शेंबडी का दिसतात? महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. सुटीत गावोगाव पांगलेली मुले एकत्र येतात, प्रत्येक जण आपापला विषाणू घेऊन. त्याच आठवड्यात पाऊस येतो, आणि त्याच आठवड्यात आपण खिडक्या लावतो. पंचवीस मुले एका खोलीत, हवा कोंडलेली, एकाची शिंक सगळ्यांच्या वाट्याला. फ्लूच्या विषाणूचा जोरही भारताच्या बहुतेक भागांत पावसाळ्यातच वाढतो. तीन-चार कारणे एकत्र जमलेली असतात. त्यांतले डोळ्यांना दिसते ते पाणी, म्हणून आळ पाण्यावर येतो. खरे तर सर्दीच्या भीतीने लावलेले दार सर्दीलाच मदत करत असते.

आता दुसरा प्रश्न. ओले मूल कुडकुडते, ही काही कल्पना नव्हे. इथे शाळेतलेच भौतिकशास्त्र उपयोगी पडते.

कोरडा सुती सदरा ऊब देतो तो सुतामुळे नव्हे, सुतांच्या फटींत अडकलेल्या हवेमुळे. हवा उष्णतेची फार वाईट वाहक. सदरा भिजला की त्या फटींत पाणी शिरते, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट चांगले वाहक आहे. म्हणजे पांघरूण होते त्याचीच गळती झाली. पण मोठा खर्च पुढेच आहे. ओला कपडा अंगावर वाळतो, म्हणजे त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि त्वचेच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. पिळून काढलेल्या सदरा-चड्डीत १०० ग्रॅम पाणी उरले आहे असे समजा. (किराणा दुकानातल्या तराजूवर ओला आणि वाळलेला कपडा तोलून खरा आकडा काढता येईल, काढावाच.) हे पाणी वाळायला ५८ किलोकॅलरी लागतील. पंधरा किलो वजनाचे मूल स्वस्थ बसले असता त्याच्या शरीरात तासाला सुमारे ३५ किलोकॅलरी उष्णता तयार होते. काही उष्णता हवेतूनही मिळते हे खरे. पण सगळी अंगातून गेली असे धरले तर दीड तासाहून अधिक काळाची कमाई केवळ कपडे वाळवण्यात गेली!

त्यातून लहान मुलाचे शरीर म्हणजे लहान भांडे. वाटीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, कारण वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त. पंधरा किलोच्या मुलाचा पृष्ठभाग सुमारे ०.६५ चौरस मीटर, साठ किलोच्या बाईंचा सुमारे १.६५. भागाकार करून पाहिला तर दर किलोमागे मुलाचा पृष्ठभाग दीडपटीहून अधिक भरतो. म्हणून बाईंना 'बरे गार वाटते' आहे, त्याच वाऱ्यात मुलाचे ओठ निळसर पडू लागलेले असू शकतात.

दुसऱ्या बाजूला जमाही आहे. तेच मूल धावू, उड्या मारू लागले की उष्णतेची निर्मिती तिप्पट-चौपट होते, तासाला शंभर किलोकॅलरींच्या पुढे जाते. शिवाय प्रत्यक्ष पाऊस पडत असताना आपल्या किनाऱ्यावर हवा बाष्पाने भरलेली आणि २५ अंशांच्या आसपास असते. अशा हवेत कपडा वाळतच नाही, त्यामुळे तो उष्णताही फार खेचत नाही. म्हणूनच पावसात धिंगाणा घालणारे मूल सहसा कुडकुडत नाही. ते कुडकुडते पाऊस थांबल्यावर, वारा सुटल्यावर, खेळ संपवून ओल्या कपड्यांनी वर्गात शांत बसवल्यावर. आणि अनेक ठिकाणी बाई कनवाळूपणाने वरचा पंखा लावतात, कपडे वाळावेत म्हणून! पंखा वाफ भराभर उडवतो, म्हणजे अंगातली उष्णता भराभर उपसतो. गुन्हा घडतो खोलीत, आणि नाव होते अंगणाचे.

यावरून व्यवहारातली गोष्ट निघते ती अगदी साधी आहे: भिजू द्यायचे ते अंग, कपडे नव्हेत. तीन-चार वर्षांच्या मुलांचे सदरे आणि झगे पावसात जाण्यापूर्वी काढून, घडी करून कोरड्या जागी ठेवावेत. चड्डीवर खेळलेले मूल दोन मिनिटांत पुसून कोरडे होते. त्वचा पाणी धरून ठेवत नाही, कापड धरते. खेळ थांबताच, पाच मिनिटांनी नव्हे तर लगेच, ओली चड्डी बदलायची, डोके-पाठ-पाय पुसायचे, कोरडे कपडे घालायचे. पाड्यांवरच्या आया हेच करत आल्या आहेत. त्याला शास्त्राचा पाठिंबा आहे एवढेच. पुसण्यासाठी मात्र ज्याचा त्याला पंचा हवा. जुन्या धोतराचे तुकडे चालतील, पण सगळ्यांना एकच टॉवेल नको, नाहीतर सर्दी टाळता टाळता डोळे येण्याची आणि खरजेची साथ वर्गभर फिरेल.

रेनकोटाबद्दल विचारले जाते. प्लॅस्टिकचा रेनकोट बाहेरचे पाणी अडवतो तसा आतला घामही अडवतो. धावणारे मूल त्यात आतून भिजते. त्यापेक्षा आपल्याकडचे इरले पाहा. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे ते कवच डोक्यावर आणि पाठीवर असते. भात लावणारी बाई वाकली की पाऊस पाठीवरून ओघळतो, आणि पुढून सगळे मोकळे. घामाची वाफ निघून जाते, हात मोकळे राहतात. ओणव्याने काम करणाऱ्यासाठी इतका विचारपूर्वक बेतलेला पोशाख दुसरा क्वचितच असेल. मुलांना एखादे इरले वर्गात आणून दाखवावे आणि त्याखाली दोघा-तिघांना शिरू द्यावे. हा खेळ कधी संपतच नाही.

मुळात बाहेर न्यायचेच कशाला, असेही कोणी म्हणेल. आत बसून गाणी म्हणता येतात, चित्रे काढता येतात. येतातच. पण या वयातले मूल हातापायांनी शिकते, आणि आपल्या भागात पावसाळ्याइतके साहित्य दुसऱ्या कुठल्याच ऋतूत फुकट मिळत नाही. या जिल्ह्यात तर ही गोष्ट निराळी सांगायला नको. माहीमच्या उत्तरेला, याच किनाऱ्यावरच्या बोर्डी गावी १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग मांडला, आणि १९५७ साली तो डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये नेला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, यातून 'अंगणवाडी' जन्मली. गुरे राखणारी मुले कुरणात असतात, म्हणून शाळाच तिथे नेली, ती 'कुरणशाळा'. माँटेसरी पद्धतीतली महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, पाने, खडे, शंख-शिंपले हीच साधने झाली. पुढे १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. त्या शब्दातले अंगण पुष्कळदा खोलीतच संपते, हा भाग वेगळा.

पावसात मुलांनी करायचे काय, याची यादी देण्याची गरज नाही, ती यादी मुलेच करतात. मोठ्यांनी फक्त एखादा प्रश्न टाकायचा. पागोळीखाली डबा ठेवला तर आवाज कसा बदलत जातो? उताराला मातीचा बांध घातला तर पाणी कुठून फुटते? मृगाचा लाल मखमली किडा हातावर घेतल्यावर पाय का मिटून घेतो? गांडूळ वर का आले? चिखलाचा गोळा कधी होतो आणि कधी नुसता राडा होतो? पाणी किती घालायचे हे पाचव्या वर्षी हाताने समजलेल्या मुलाला पुढे मिश्रणांचा धडा जड जात नाही.

आणखी एक कारण डोळ्यांचे. दार लोटलेल्या, एका दिव्याच्या खोलीत उजेड जेमतेम शे-दोनशे लक्स असतो. बाहेर ढगाळ दिवशीही तो काही हजार लक्स असतो. चीनमधील ग्वांगजौ शहरात १२ प्राथमिक शाळांवर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांतल्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी आली. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. ही मुले सहा-सात वर्षांची होती, आणि आपल्या खेड्यांत चश्म्याची लाट तेवढी नाही. पण हातात मोबाइल आलेल्या बोईसर-पालघरच्या घरांत हा आकडा ठाऊक असलेला बरा.

आता सावधगिरीचे बोलू. सगळी मुले सारखी नसतात, आणि आपल्या जिल्ह्यात हे विसरणे परवडणारे नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. कुपोषण त्यानंतर कमी-जास्त होत राहिले, संपले नाही. कुपोषित मुलाच्या त्वचेखाली चरबीचा थर नसतो, कुडकुडून उष्णता निर्माण करायला स्नायू नसतात, आणि जाळायला साठवलेली साखरही थोडीच. वर केलेल्या हिशोबातला तासाला ३५ चा आकडा त्याला लागू पडत नाही. असे मूल गारठले तर ओरडत नाही, गप्प होते, आणि हीच खरी खूण आहे. अंगणवाडीत दंडघेर मोजण्याची पट्टी असते. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली दंड भरला तर त्या मुलाला भर पावसात नेऊ नये. त्याला पडवीत, ओटीवर बसून पागोळ्यांत हात घालू द्यावा, अंग कोरडे राहील असे पाहावे, आणि त्याचा घास आधी भरवावा. साडेअकराच्या खाली असेल तर खेळाचा विचार नंतर. त्याला तातडीने उपचार हवेत. दम्याची मुले आणि कान वाहणारी मुले यांच्याबाबतही आईला विचारून ठरवावे. बाकीच्यांसाठी वीस मिनिटे ते अर्धा तास पुरे, आणि त्यानंतर गरम खिचडी. खेळ आणि जेवण यांची वेळ जुळवली तर गारठ्याचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. हात गार लागला म्हणून घाबरू नये, हात सगळ्यांचेच गार पडतात. मानेखाली, पाठीवर तळवा ठेवून पाहावे. तिथे गार लागले तर खेळ संपला.

भ्यायचे असेल तर पावसाला नव्हे, पुढील गोष्टींना भ्यावे. विजेला, विशेषतः जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात. प्रकाश दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की किलोमीटर मिळतात. मुळात गडगडाट ऐकू आला की मुले पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. ताडा-माडाखाली आसरा घेणे सर्वांत वाईट. साचलेल्या पाण्याला भ्यावे: उंदरांच्या मुतातून त्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने घेतलेले बळी अनेकांना आठवत असतील. तेव्हा खेळायचे ते आजच्या पावसाच्या, स्वच्छ अंगणात साचलेल्या डबक्यात. गटाराच्या, गोठ्याच्या, खाचराच्या पाण्यात नव्हे. जखम असलेले मूल पाण्यात नको. जिथे उघड्यावर शौचाला बसले जाते तिथल्या चिखलात अंकुशकृमी तळपायातून शिरतो, तिथे चपला हव्यात. खेळून झाल्यावर साबणाने हातपाय धुणे आलेच. दगडांच्या आणि लाकडांच्या ढिगाशी विंचू आणि मण्यार यांचा संशय धरावा. विहीर, तळे, ओहोळ यांच्याजवळ या वयाची मुले एका मोठ्या माणसाच्या भरवशावर नेऊच नयेत. आणि समुद्र? जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, मच्छीमार आपल्या होड्या वर ओढून ठेवतात. ज्यांचा जन्म लाटांवर गेला ते मागे सरतात, तिथे बालवाडीची सहल कशाला?

थंडीचे दिवस त्या मानाने सोपे. किनाऱ्यावर जानेवारीची पहाटही फार बोचरी नसते. जव्हार-मोखाड्याच्या वरच्या भागात ती असते. तिथे गडबड उलटी होते: मुलांना कपड्यांच्या थरांत गुंडाळतात, ती धावून घामेजतात, मग तोच घाम ओल्या सदऱ्यासारखा वागतो. खेळायला निघताना एक थर कमी करावा आणि बसताना पुन्हा चढवावा. कोवळ्या उन्हाची, वाऱ्याला आडोसा असलेली जागा शोधावी. माहीम-केळव्याकडे समुद्राचा वारा अडवायला सुरूची बने आहेत. त्यांच्या आतल्या बाजूला आणि बाहेरच्या बाजूला हातरुमाल धरून उभे राहिले तरी फरक कळतो.

आठवी-नववीच्या मुलांकडून एक प्रयोग जरूर करवून घ्यावा. सारख्या आकाराचे तीन डबे घ्यायचे, त्यांत साठ अंशांचे पाणी सारखे भरायचे. एकाला कोरडे सुती फडके गुंडाळायचे, दुसऱ्याला तसेच पण ओले करून पिळलेले, तिसरा उघडा. दर पाच मिनिटांनी तापमान लिहायचे, एकदा पंखा बंद ठेवून आणि एकदा लावून. मग ओल्या फडक्याच्या डब्याबरोबर त्याच्या निम्म्या उंचीचा आणि निम्म्या रुंदीचा ओला डबा ठेवायचा. आलेख काढल्यावर कोणता डबा कोणत्या मुलासारखा, हे त्यांनाच ठरवू द्यावे. प्रयोग एकदा जुलैच्या भर पावसात आणि एकदा जानेवारीच्या कोरड्या हवेत केला, तर ओल्या फडक्याच्या दोन रेषा एकमेकींपासून किती दूर जातात ते पाहण्यासारखे असते.